तयार कानाचं कार्ड

स्टिरिओ विकणाऱ्या माणसांचा मला तिटकारा आहे. तिटकारा हा सौम्य शब्द झाला, किळसच आहे. आता वय झालं, तरी कोणाच्या घरी गेलो आणि यजमान हौसेनं उठून ‘हे जरा ऐका’ म्हणत एखाद्या खोक्याचं बटण फिरवू लागला, की मी पाणी मागतो, नाहीतर लघवीचं निमित्त करून उठतो. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला गाण्याचं अंग नाही. खरी गोष्ट अशी की नऊ वर्षं मी स्वतः तेच विकलं, आणि एका माणसाला जे विकलं ते अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

दुकान सीताबर्डीला होतं. व्हरायटी चौकातून मेन रोडला लागलं की डाव्या हाताला एक अरुंद जिना, खाली चपलांचं दुकान, वर आम्ही. शेठचं घराणं कापडाचं. त्यानं स्वतः पंधरा-वीस वर्षं गादीवर बसून साड्या विकल्या होत्या. सत्तरचं दशक निम्मं उलटलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की शहरात एक नवी जमात वाढते आहे. डॉक्टर, वकील, रेल्वेचे आणि कोळसा खाणींचे अधिकारी. यांच्याकडे तबकड्या होत्या, परदेशी मासिकं होती, आणि बायकोशी बोलायला विषय नव्हते. हे लोक तोवर मुंबईहून सुटे भाग मागवून माझ्यासारख्या मिस्त्रीकडून अॅम्प्लिफायर जुळवून घेत. शेठनं हिशेब सरळ केला. सुटं कापड घेऊन शिंप्याकडे जाणारा माणूस रेडिमेड शर्ट घ्यायला लागला, तसा हाही तयार संच घ्यायला लागेल.

मी तेव्हा एका पानठेल्याच्या बाजूला फळी टाकून रेडिओ दुरुस्त करायचो. शेठ आला, मी जुळवलेला एक अॅम्प्लिफायर दहा मिनिटं ऐकला आणि म्हणाला, “मिस्त्री, तुमच्या हातात गुण हाये. पण या खोक्यावर काई कळा नाई. खोकं माह्यावर सोडा.”

मी सोडलं. तिथंच माती खाल्ली.

आतली जुळणी माझी होती आणि ती चांगली होती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण ती एकच होती. तीच जुळणी पत्र्याच्या डब्यात घातली की तो झाला ‘साधा’ संच, आणि लाकडी पेटीत घातली की ‘खास’. पेट्या शहराच्या वेशीवरच्या वाडीहून यायच्या. तिथल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामांत मालाची मोडकी खोकी ढिगानं पडलेली असत. एक सुतार त्यांच्या फळ्या कापून पेट्या करायचा, वरून सागवानी पापुद्रा चिकटवायचा आणि चकचकीत पॉलिश मारायचा. पेटी आतून उघडली तर कधी कधी ‘जपून हाताळा’ असा काळा शिक्का दिसे. गिऱ्हाईक आत कधीच पाहत नसे. ते फक्त संच दोन्ही हातांनी उचलून पाही. जड असला की मान डोलावी. म्हणून शेठनं प्रत्येक पेटीच्या तळाला एक लोखंडी पट्टी ठोकायला लावली. वकीलसाहेब घाम पुसत ती पट्टी घरी घेऊन जायचे आणि पाहुण्यांना सांगायचे, माल बघा किती भक्कम आहे.

साड्यांच्या दुकानातली एक रीत शेठनं इकडे आणली. कापडवाला एकच साडी कधी पुढे टाकत नाही. आधी एक मरगळलेली टाकतो, मग तिच्या शेजारी दुसरी उलगडतो. तसे आमच्या टेबलावर दोन संच शेजारी शेजारी असत, पत्र्याचा आणि लाकडी. मधे मी केलेला एक स्विच. बटण एकीकडे केलं की लाल दिवा लागे आणि पत्र्याचा संच वाजे, दुसरीकडे केलं की हिरवा दिवा लागे आणि लाकडी. तबकडी तीच, स्पीकर तेच. लाकडी संचाचा आवाज मी शेठच्या सांगण्यावरून टिचभर मोठा ठेवत असे. मोठा आवाज माणसाला नेहमी चांगला वाटतो. एवढी लबाडी तर भाजीवालाही करतो, असं मी स्वतःला समजावलं होतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात कूलरचं पाणी गळून टेबलावर ओघळ आला, म्हणून मी स्विच पुसायला उघडला. पाहतो तर आतली एक तार कथलाच्या डाखातून सुटलेली. त्यामुळे बटण दाबलं की नुसते दिवे बदलत होते. लाल लागला तरी पत्र्याचाच संच वाजत होता, आणि हिरवा लागला तरी पत्र्याचाच. लाकडी संच मांडी घालून बसल्यासारखा नुसता बसला होता. तारेच्या टोकावर धूळ साचली होती, म्हणजे हे आजचं नव्हतं.

मी मनात मागे मागे जात राहिलो. चार दिवसांपूर्वी एक दंतवैद्य डोळे मिटून म्हणाला होता, की हिरव्यावर तबल्याची शाई ऐकू येते. शाई! त्याआधी एक प्राध्यापक म्हणाले होते, की लाल दिव्यावर गाणारी बाई शेजारच्या खोलीत असते आणि हिरव्यावर ती समोर सतरंजीवर येऊन बसते. त्यांची मला इतकी शिसारी आली नाही, जितकी माझी आली. कारण त्या सगळ्या दिवसांत हिरवा दिवा लागला की फरक मलाही ऐकू येत होता. दोन्ही संच माझ्या हातांनी जुळवलेले, आणि मीसुद्धा बाजूला उभा राहून मान डोलावत होतो.

शेठला दाखवलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

“देखो मिस्त्री,” तो डोळे पुसत म्हणाला, “हे देवानं करून देल्लं. आता याले डाख लावाचा नाई.”

मी डाख लावला नाही. त्या दिवशी नोकरी सोडायला हवी होती. मी संध्याकाळी मूगभजी खाल्ली आणि घरी गेलो.

त्यानंतर शेठला आणखी पालवी फुटली. जिन्याच्या तोंडाशी त्यानं पाटी लावली, ‘आपला कान तपासून पाहा. मोफत.’ लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून जाड कागदाची, सोनेरी काठाची कार्डं छापून आणली. त्यावर लिहिलेलं, ‘यांचा कान तयार आहे’, आणि वर नावासाठी मोकळी ओळ. परीक्षा देणारा लाल-हिरवा फरक सांगे, शेठ ‘क्या बात है’ म्हणून टाळी वाजवी, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून नाव मी लिहीत असे. नापास कधीच कोणी होत नसे. मोठमोठी माणसं ते कार्ड पाकिटात ठेवून फिरायची. हरभऱ्याच्या झाडावर चढायला इतके उतावीळ लोक मी दुसऱ्या कुठल्याच धंद्यात पाहिले नाहीत.

आणि मग तो आला. त्याचं नाव मी त्या कार्डावर स्वतः लिहिलं, पण इथं लिहिणार नाही.

चाळिशीच्या आतला माणूस. पांढरा मनिला शर्ट, कॉलरच्या शिवणीत राखेची करडी रेघ. ती रेघ दिसली की माणूस कोराडीच्या वीज केंद्रातला आहे हे विचारावं लागत नसे. सोबत बायको, हातात पिशवी. तो जिना चढून आला आणि जरा जास्तच मोठ्यानं बोलला.

“मले घेणं-बिणं काई नाई, भाऊ. मले कान तपासाचा हाये. खाली बोर्ड पायला.”

शेठनं त्याला बसवलं, पंखा त्याच्याकडे फिरवला. मग सगळं बाहेर आलं. तो वीज केंद्रात टर्बाइनवर होता. तिथल्या डॉक्टरनं कान तपासले होते आणि सांगितलं होतं की बारीक आवाज ऐकू येणं कमी होत चाललंय, टर्बाइन सोड आणि स्टोअरमध्ये जागा घे. आठवड्याभरात काय ते लेखी द्यायचं होतं.

“स्टोअरमंधी बसून बोल्ट मोजू काय मी?” तो म्हणाला. “उमरेडले माह्या बापाचा हातमाग होता. भिताडाच्या पलीकडून नुसता आवाज ऐकून सांगे, कोणता धागा तुटला. मी तसाच हावो. लोखंडाची सळई यंत्राले लावतो अन् दुसरं टोक कानाले. बेअरिंग खराब व्हाच्या दोन दिवस पयले मी सांगतो. मीटरचा काटा मागून हालते.”

बायको हळू आवाजात माझ्याकडे पाहून बोलली. दुकानात मीच तिला बोलण्याजोगा वाटलो असेन.

“डाक्टर म्हणे, आता जागा बदलली तं हाये तेवढं राहीन. नाई तं पाच-सात वर्सांत सारंच जाईन.”

“अवं, डाक्टरले यंत्राचं काय समजते?” तो म्हणाला आणि शेठकडे वळला. “हिले शब्द देल्ला मी. इथं फरक समजला नाई तं उद्याच स्टोअरमंधी जातो. समजला तं टर्बाइनवरच राहीन, लिहून देतो.”

मी शेठकडे पाहिलं. त्याला हे सगळं ऐकू गेलं होतं. तो तबकडीवरची धूळ मखमलीच्या तुकड्यानं पुसत होता. त्यानं मला डोळ्यांनी खूण केली, चालू कर.

मी चालू केलं.

त्यानं डोळे मिटले, मान डावीकडे कलती केली. एक हात मुठीसारखा वळून कानापाशी गेला. सळई धरायची सवय. मी बटण दाबलं. लाल. मग हिरवा. पुन्हा लाल. दिवा बदलला की बटणाचा टक् असा आवाज होई, त्या आवाजावर तो डोळे किलकिले करून दिव्याकडे पाही आणि परत मिटून घेई. सगळेच तसं करत. त्याच्या कपाळावर घाम आला होता. दुकानात येणारे बाकीचे लोक मिरवायला येत. हा खरोखर ऐकत होता. जिथं ऐकण्यासारखं काहीच ठेवलेलं नव्हतं, तिथं तो जीव ओतून ऐकत होता.

“हिरवा,” तो शेवटी म्हणाला. “हिरव्यामंधी खालचा सूर साफ हाये. लालमंधी दबून राहिला.”

“वा! क्या बात है!” शेठनं टाळी वाजवली.

“मले तं दोन्ही सारखेच वाटून राहिले,” बायको म्हणाली.

दोन-अडीच वर्षांत त्या टेबलासमोर हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. मग शेठ म्हणाला, “वहिनी, हे कानाचं काम हाये, पोळ्या लाटाचं नाई,” आणि सगळे हसले. नवरा हसला, मागे उभी असलेली दोन गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. ती हसली नाही. ती त्या स्विचकडे बघत राहिली.

मी कार्ड काढलं, नाव विचारलं, लिहिलं. त्या दिवशी अक्षर फार सुरेख आलं. आनंदाच्या भरात त्या माणसानं लाकडी संच घेऊन टाकला.

चार दिवसांनी टेम्पोतून संच घेऊन मी कोराडीला गेलो. दोन खोल्यांचं क्वार्टर, ओट्यावर तुळस, तिच्या पानांवर राख. संच मांडला, स्पीकरची खोकी लावली, तबकडी फिरवली. पहिल्याच ओळीला माझ्या लक्षात आलं की आवाज घोंगडीखालून येतोय. स्पीकरच्या खोक्यात खालच्या सुरांचा मोठा शंकू असतो आणि वरच्या बारीक आवाजाचा छोटा. टेम्पोच्या हादऱ्यांनी दोन्ही खोक्यांतल्या छोट्या शंकूंच्या तारा निसटल्या असणार.

तो समोर बसून डोलत होता. “एकदम साफ,” म्हणाला.

बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “दुकानात असं नव्हतं वाजत. त्यातले घुंगरू कुठं गेले?”

मी खोकी उघडून तारा जोडल्या, तबकडी तिथंच पुन्हा लावली. बारीक, लखलखीत घुंगरू खोलीभर झाले.

“आले,” ती म्हणाली.

तो आधी डोलत होता तसाच, त्याच मानेनं डोलत होता. काही गेलं होतं आणि काही परत आलं, याचा त्याला पत्ता नव्हता. त्या क्षणी डॉक्टर खरा होता हे मला कळलं. त्या सगळ्या धंद्यात मी एवढी एकच खरी परीक्षा पाहिली, आणि ती कोणी घेतली नव्हती.

तो मला बस थांब्यापर्यंत सोडायला आला. वाटेत कोळशाचे ट्रक जात होते, त्यामुळे आम्ही बोललो नाही. थांब्यावर त्यानं माझ्या दंडाला धरलं.

“मिस्त्री, शेठ बेपारी माणूस हाये. त्याचं सोडा. तुमी कारागीर, मीबी कारागीर. तुमी सांगा. कान बराबर हाये नं माहा?”

यापेक्षा सरळ प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नाही. उत्तर द्यायला वेळही होता, बस अजून वळणावर होती. खरं सांगितलं तर संच परत येईल, शेठ उखडेल, हे मनात आलं. आणि त्याहून ओशाळवाणं एक कारण होतं. तो स्विच खोटा आहे असं सांगितलं, तर ज्या कारागिराला तो विचारत होता तो कारागीरच उरणार नव्हता.

“तयार कान आहे तुमचा,” मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात तो पेढे घेऊन दुकानात आला. टर्बाइनवरच राहणार असं त्यानं लेखी देऊन टाकलं होतं. डॉक्टरला कार्डही दाखवलं होतं. डॉक्टर काय म्हणाला हे त्यानं सांगितलं नाही. शेठनं दोन पेढे खाल्ले. मी एक खाल्ला, गोड होता.

मग कॅसेटचा जमाना आला. घरोघरी आखातातून आलेले टू-इन-वन दिसू लागले, आणि आमच्या जमातीची रया गेली. शेठ पुन्हा कापडाकडे वळला. मी धरमपेठेत एक गाळा घेऊन दुरुस्तीचं दुकान टाकलं. आणि सांगायला लाज वाटते, पण सांगतो. त्या सुटलेल्या तारेची गोष्ट मी कित्येक वर्षं विनोद म्हणून सांगितली. दंतवैद्याची शाई सांगितली, प्राध्यापकांची सतरंजी सांगितली. लोक पोट धरून हसायचे. कोराडीच्या माणसाचं मात्र कधी सांगितलं नाही, तिथं मूग गिळून बसलो. म्हणजे त्यात हसण्यासारखं काही नाही हे मला पुरतं ठाऊक होतं.

ते कार्ड लिहिलं त्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. एके दुपारी त्याची बायको माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. मी लगेच ओळखलं.

“भाऊ, मशीन पाहून जा एकडाव,” ती म्हणाली. “ते म्हणतात, आवाज बसला तिचा.”

“काय होतंय नेमकं?”

“तुमी येऊनच पाहा नं.”

रविवारी गेलो. क्वार्टरच्या गल्लीच्या तोंडाशीच मला संच ऐकू आला. पूर्ण मोठा केलेला, स्पीकर फाटायला आलेले. मे महिन्याच्या उकाड्यात शेजारच्या दोन घरांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. तो समोर खुर्चीवर बसला होता, पुढे वाकून, मान डावीकडे कलती. मी आत आलो हे त्याला दिसलं तेव्हाच कळलं.

“या मिस्त्री! आवाज बसला हो याचा. पाहा बरं.”

मी संच बंद केला, पेटी उघडली. तळाला ती लोखंडी पट्टी, फळीवर ‘जपून हाताळा’चा शिक्का. जुळणीला काहीही झालं नव्हतं. मी उगाच इकडे तिकडे तपासल्यासारखं करत राहिलो. तो बोलत होता. दोन वर्षांपूर्वी एका बेअरिंगचं त्याला कळलं नाही, काट्यानं आधी दाखवलं. काही मोडलं नाही, कोणी त्याला बोललंही नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच स्टोअर मागून घेतलं. “सळई तिथंच देऊन टाकली,” म्हणाला.

भिंतीवर त्याच्या वडिलांचा फोटो होता, आणि शेजारी काचेच्या चौकटीत ते कार्ड. सोनेरी काठ काळवंडला होता. अक्षर माझं होतं, अजून सुरेख.

मला एकदम घाण वाटली. त्या अक्षराची, त्या पट्टीची, माझ्या हातातल्या पेचकसाची. मी पेचकस खाली ठेवला आणि बोललो. असं काही बोलताना माणूस बोलतो तसंच, खाली मान घालून, हळू आवाजात.

“संच ठीक आहे. तेव्हाची ती परीक्षा खोटी होती. तो स्विच कशालाच जोडलेला नव्हता. दोन्ही वेळा एकच संच वाजत होता.”

“काय म्हणता?” त्यानं कानामागे हात धरला. “जोरानं बोला नं जरा.”

मी वर पाहिलं. दारात त्याची बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिला हळू बोललेलं ऐकू येत होतं.

“मी तेव्हाच म्हटलं होतं,” ती म्हणाली. “दोन्ही सारखेच हायेत म्हणून. तुमी हासले होते, भाऊ.”

मी पेटीचं झाकण लावू लागलो.

“मले सांगून काय फायदा?” ती म्हणाली. “त्यायले सांगा. मोठ्यानं सांगा.”

मग मी मोठ्यानं सांगितलं. एकदा सांगून भागलं नाही. दुसऱ्यांदा ओरडून सांगितलं, तरी त्याला अर्धंच कळलं. तिसऱ्यांदा मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन, घसा फाटेपर्यंत ओरडलो, की स्विच खोटा होता, मला माहीत होतं, मी खोटं बोललो. बाहेर दोरीवर कपडे घालणारी बाई हात वर तसाच ठेवून थांबली. शेजारची एक खिडकी उघडली. अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

त्याला कळलं. तो कार्डाकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. मला वाटलं आता तो शिवी देईल, आणि मला ती हवी होती. तो हसला. समजूत घालावी तसं हसला.

“नाई गा मिस्त्री,” तो म्हणाला. “फरक होता. मी ऐकला नं माह्या कानानं. खालचा सूर दबून राहिला होता लालमंधी.”

मी मान हलवून नाही म्हणालो.

“तो स्विच हाये काय तुमच्यापाशी अजून?” त्यानं विचारलं. “घेऊन या एक दिवस. आताबी सांगतो तुमाले.”

त्यानं सांगितलं असतं, यात मला तिळमात्र शंका नव्हती. त्या स्विचवर इतक्या वर्षांत, दुकानाच्या हिशेबानं, चुकीचं उत्तर एकाच माणसानं दिलं होतं, आणि ती दारात उभी होती. ती चहाचा ट्रे घेऊन तशीच आत गेली.